दोन खाड्यांचा दिवस : हर्णै ते रत्नागिरी

काल दत्तजयंती झाली, म्हणजे आज मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा. कोकण किनाऱ्याने गाडी चालवायची असेल तर रस्त्याचा नकाशा उघडण्याआधी तिथी पाहावी. इथल्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, प्रतिपदेला पाऊण. रोज साधारण पाऊण तासाने भरती पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं, म्हणजे पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. आज दुपारी पाऊणच्या सुमाराला, ऐन भरतीला, मला हेदवीच्या बामणघळीपाशी, म्हणजे भरतीचं पाणी उसळतं त्या खडकातल्या चिरेपाशी, पोचायचं होतं. बाकीचा दिवस मी त्या वेळेच्या मागेपुढे लावला.

रेवसहून मोटरसायकलवर एकटीने सुरू केलेली ही सफर रेड्डीपर्यंत जाईल, आणि मग गोवा ओलांडून कारवार-गोकर्णापर्यंत. रेवस ते रेड्डी हा सागरी मार्ग बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असतानाच्या काळातली कल्पना. इतकी वर्षं झाली तरी रस्ता अजून सलग नाही, कारण सह्याद्रीतून निघालेली प्रत्येक नदी समुद्राला मिळताना रुंद खाडी करते आणि रस्ता त्या काठावर येऊन थांबतो. आजच्या टप्प्यात अशा दोन मोठ्या खाड्या: दाभोळला वाशिष्ठीची आणि जयगडला शास्त्रीची. एकूण अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर एवढं अंतर अडीच तासांत मागे पडतं. इथे त्याला अख्खा दिवस लागतो, आणि तो मोकळ्या मनाने द्यावा.

हर्णै बंदर

पहाटे साडेसहाला बंदरावर गेले तेव्हा पूर्ण ओहोटी होती. उधाणाची ओहोटी असल्याने पाणी खूप आत गेलेलं. होड्या लांब उभ्या, आणि त्यांच्यापर्यंत ओल्या वाळूतून बैलगाड्या चाललेल्या. हर्णैला ही पद्धत अजून टिकून आहे. मोठ्या होडीतून लहान होडीत, लहान होडीतून बैलगाडीत आणि तिथून किनाऱ्यावरच्या पाट्यांत अशी मासळी हात बदलत येते. बैल पोटापर्यंत पाण्यात शांत उभे असतात. किनाऱ्यावर लिलाव चालू होता. बोली लावणाऱ्यांत बायका पुढे होत्या, आणि कोळंबीच्या ढिगाचा भाव ठरायला मोजून काही क्षण लागत होते. बोली संपली की लगेच बर्फ, लगेच टेम्पो.

समोर सुवर्णदुर्ग. त्याच्या तटाचे खालचे दगड, जे एरवी पाण्यात असतात, ते ओहोटीमुळे उघडे पडले होते. कान्होजी आंग्र्यांचं आरमार ज्या किल्ल्यांच्या जोरावर उभं होतं, त्यांतला हा एक मोठा. 1755 साली तुळाजी आंग्र्यांकडून तो घेतला इंग्रजांच्या कमोडोर विल्यम जेम्सने, आणि त्याच्या बाजूने उभे होते पेशवे. तुळाजींचं आणि पुण्याचं वैर खरं असेल, पण आपल्या हाताने आपलं आरमार मोडायला परक्याला साथ दिली गेली. किनाऱ्यावरून तो किल्ला पाहताना मला प्रत्येक वेळी या गोष्टीचं दुःख होतं.

ज्या घरी उतरले होते तिथल्या काकूंनी घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी दिली. "एकट्याच निघालात? आणि जेवणाचं काय?" एवढंच त्यांनी विचारलं. मग केळीच्या पानात दोन घावणे आणखी बांधून दिले.

सामान चढवायची माझी पद्धत आता ठरून गेली आहे. जड वस्तू दोन्ही सॅडलबॅगांत तळाशी, पाठीमागच्या सीटवर आडवी ड्रायबॅग, तिच्यावर दोन बंजी कॉर्ड फुलीसारख्या. टूलकिट, पंक्चर किट आणि हवेचा छोटा पंप डाव्या बॅगेत वरच्या वर. गाडी मिटिऑर 350. लांब पल्ल्याला याहून ताकदवान गाड्या आहेत, पण हिच्या सीटची उंची 765 मिलिमीटर आहे, आणि माझे दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकतात. एकटीने प्रवास करताना, शेवाळलेल्या जेटीवर लादलेली गाडी सांभाळताना, हीच गोष्ट वेगापेक्षा मोठी ठरते.

मुरूड, लाडघर, दाभोळ

सव्वासातला निघाले. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो, मतलई वारा. डिसेंबरात तो चांगलाच गार असतो. पाजपंढरी, साळदुरे करत मुरूडला आले तोवर हातमोज्यांतून बोटं गार पडली होती. पण नारळी-पोफळीच्या बागांमधून जाणारा तो अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे गडगे आणि ओल्या शेणसड्याचा वास यात थांबावंसंच वाटत नव्हतं.

मुरूडला मात्र थांबले. हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव. शाळकरी वयात ते परीक्षेला बसायला इथून कुंभार्ली घाट चढून साताऱ्याला चालत गेले होते, आणि तिथे पोचल्यावर दिसायला लहान म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. शंभराहून जास्त मैलांची पायपीट, घाटासकट, आणि परत यायचं ते हात हलवत. पुढे या माणसाने स्त्रियांच्या शिक्षणासाठी जे केलं, त्यामुळे माझ्या आजीला शाळा मिळाली, आईला कॉलेज मिळालं, आणि आज मी एकटी गाडी घेऊन त्यांच्या गावात उभी होते. स्मारकापाशी हेल्मेट काढून नमस्कार केला.

कर्दे ते लाडघर हा तुकडा मी मुद्दाम हळू चालवला. रस्ता कड्याच्या अंगाने वर चढतो, एका वळणावर अख्खा समुद्र उजव्या हाताला उघडतो आणि दुसऱ्या वळणावर पुन्हा झाडीत शिरतो. वळणावर ओला पालापाचोळा आणि जांभ्याची बारीक लाल खडी असते. तिच्यावर पुढचा ब्रेक दाबला की चाक सरकतं, म्हणून वळणाआधीच गिअर उतरवून, इंजिनाच्याच जोरावर वेग कमी करत जायचं. बुरोंडीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर, परशुरामाचा उंच पुतळा लांबून दिसतो. तिथे सहलीच्या बस लागायच्या होत्या, मी न थांबता पुढे गेले. कोळथरे, पंचनदी, आणि मग उतार. नऊला दाभोळ.

दाभोळला उतरताना आधी दिसतो मशिदीचा घुमट. आदिलशाहीच्या काळातली ही दगडी मशीद जेटीपासून जवळच आहे. विजापूरची शाहजादी मक्केला निघाली होती, इथून पुढे जाता आलं नाही, तेव्हा बरोबरचं धन तिने या मशिदीवर खर्च केलं, अशी कथा गावात सांगतात. कथा खरी असो नसो, दाभोळ हे त्या काळी मक्केची, होर्मुझची गलबतं सुटायचं बंदर होतं, हे खरं. रशियातल्या त्वेर गावचा अफनासी निकितीन नावाचा व्यापारी वास्को द गामाच्याही आधी हिंदुस्थानात येऊन बिदर वगैरे फिरला आणि 1470 च्या दशकात परतीच्या प्रवासाला गलबतात बसला तो इथूनच. 1508 च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हॉइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मैदाने हे गाव जाळलं, आणि त्यात किती माणसं मारली याला गणती नव्हती. असाच डिसेंबर असणार, असाच मतलई वारा, आणि गावातली माणसं सकाळच्या कामाला लागलेली.

आज तिथे फेरीबोटीची रांग असते. ती रांग धरून उभं राहिलं की सगळं दाभोळ जवळून जातं: सुक्या मासळीची टोपली घेतलेल्या बायका, एसटीतून उतरून चालत बोटीकडे जाणारे उतारू, विटांचा टेम्पो, कॉलेजची मुलं.

पहिली खाडी

दाभोळ-धोपावे फेरीबोट 2003 साली सुरू झाली. त्याआधी या काठावरून त्या काठावर गाडी न्यायची तर दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असा सव्वाशे किलोमीटरच्या वरचा वळसा. पाण्यावरून दहा-पंधरा मिनिटं.

बोटीवर मोटरसायकल चढवण्याबद्दल थोडं सांगते, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याला याचीच धास्ती असते. उतरणीचा लोखंडी पाट ओला असतो, त्यावर पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा धरून, सरळ रेषेत जायचं. मधेच थांबायचं नाही आणि हँडल वळवायचं नाही. डेकवर खलाशी सांगेल त्या कोपऱ्यात गाडी लावायची, साइड स्टँडवर, गिअरमध्ये ठेवून, आणि बोट सुटताना व लागताना गाडीपाशी उभं राहायचं. खाडीच्या तोंडाशी बोट थोडी हलते. मधल्या वेळात वर चढून पाणी बघायला हरकत नाही.

वर माझ्या शेजारी एक शिक्षक उभे होते. दाभोळला घर, शाळा पलीकडच्या काठावर, स्कूटर घेऊन रोज ये-जा. गाडीची नंबरप्लेट बघून त्यांनी गाव ओळखलं आणि गप्पा सुरू झाल्या. मी म्हटलं, "सर, तुमचा रोजचा प्रवास फार सुंदर आहे."

"सुंदर आहेच," ते म्हणाले. "पण ताई, वडलांना रात्री अकराला छातीत दुखायला लागलं. शेवटची बोट गेलेली. मग गाडी करून वरनं गेलो. दोन तास मागं बसून नुसतं त्यांचा हात धरून होतो."

"वाचले ना?"

"वाचले. पण तेव्हापासनं पूल कधी होतो तेवढंच बघतोय."

सागरी महामार्गावरच्या मोठ्या खाड्यांवर पूल बांधायची कामं आता हाती घेतली गेली आहेत, दाभोळ आणि जयगड दोन्ही त्यात आहेत. फिरायला येणारी आमच्यासारखी माणसं याबद्दल हळहळतात. मीही हळहळत आले होते. त्या बोटीवर माझं मत बदललं. इथे राहणाऱ्या माणसाला रात्री अकराला पलीकडे जाता आलंच पाहिजे. त्यापुढे माझ्या पंधरा मिनिटांच्या आनंदाला काही वजन नाही. फेरीबोटींचा प्रवास करायचा असेल त्याने तो आत्ता करून घ्यावा, पण पुलाच्या वाटेत भावना आणू नयेत.

खाडीच्या मध्यावर आलो तेव्हा भरतीचं पाणी आत शिरत होतं. या पाण्याचीही एक गोष्ट आहे. कोयना खरं तर कृष्णेला मिळणारी नदी, तिचं पाणी बंगालच्या उपसागराला जायचं. पण कोयना धरणातलं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेकडे वळवलं, पोफळीला त्याची वीज केली, आणि मग ते वाशिष्ठीत सोडलं. म्हणजे महाबळेश्वरच्या डोंगरावर पडलेला पाऊस दख्खन ओलांडायच्या ऐवजी महाराष्ट्राचे दिवे लावून माझ्या बोटीखालून अरबी समुद्राला चालला होता. आणि समोर अंजनवेलच्या टेकाडामागे दिसत होत्या दुसऱ्या वीज प्रकल्पाच्या चिमण्या. एन्रॉनचा म्हणून गाजलेला, दाभोळ नावाचा, पण प्रत्यक्षात दाभोळच्या समोरच्या तीरावरचा. 1999 मध्ये तिथे वीज सुरू झाली, 2001 मध्ये बंद पडली, पुढे रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी करून 2006 मध्ये पुन्हा चालू केली. ज्यांच्या जमिनी गेल्या, ज्यांनी आंदोलनात मार खाल्ला, त्यांची गावं याच रस्त्यावर आहेत. बोटीवरच्या कुणीही त्या चिमण्यांकडे पाहत नव्हतं.

गुहागरपर्यंत आणि पुढे

धोपाव्याला उतरून वेलदूर, अंजनवेल. गोपाळगडाचे भक्कम बुरूज आणि खंदक बाहेरूनच पाहिले. जवळच टाळकेश्वराचं देऊळ आणि दीपस्तंभ आहे. तिथल्या कड्यावरून दाभोळ खाडीचं तोंड पूर्ण दिसतं, आणि गलबतांना आत येताना किल्ल्याच्या तोफांसमोरून यावंच लागे हे नकाशाशिवाय समजतं.

गुहागरात पेट्रोल भरलं. इथून पुढे गणपतीपुळ्यापर्यंत पंपाच्या भरवशावर राहू नये. व्याडेश्वराचं दर्शन घेतलं, सुरूच्या बनातून किनारा पाहिला आणि निघाले. गुहागर निवांत राहण्याचं गाव आहे, वाटेत उरकण्याचं नाही. त्यासाठी पुन्हा येईन.

पालशेतच्या बाजारपेठेत चेन कडकड वाजू लागली. रस्त्यालगत एका शेडमध्ये विशीतला एक मुलगा स्कूटर खोलून बसला होता. त्याने चाक फिरवून पाहिलं, म्हणाला, "ताई, चेन ढिली झालीय, आणि वाळू बसलीय तिच्यात." डिझेल आणि ब्रशने चेन धुतली, फडक्याने कोरडी केली, मागचा अ‍ॅक्सल सैल करून दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवत चेन ताणली, मग तेल. काम करता करता बोलत होता. खाऱ्या वाऱ्यात एका पावसाळ्यात नटबोल्ट गंजतात. म्हणून किनाऱ्यावर गाडी फिरवली की रात्री गोड्या पाण्याने धुवायची, आणि चेनला तेल सकाळी न लावता रात्री, चेन गरम असताना लावायचं, म्हणजे आत मुरतं. लांबच्या प्रवासाची कितीतरी पुस्तकी माहिती मी गोळा केली होती. ही मला त्याने दिली. पैसे विचारले तर म्हणाला, "द्या काय द्यायचंय ते." तो मुंबईला दोन वर्षं गॅरेजात होता, परत आला आहे, आणि त्याला इथेच राहायचं आहे. अशी शेड किनाऱ्याच्या प्रत्येक मोठ्या गावात असावी, असं फार मनापासून वाटलं.

वेळणेश्वरला उतारावरून देऊळ आणि अर्धचंद्राकार किनारा दिसला. घड्याळात पावणेबारा. उतरले नाही.

हेदवी, पाऊण वाजता

हेदवीचा दशभुज गणपती गावाच्या वरच्या अंगाला, झाडीत. मूर्ती पांढऱ्याशुभ्र संगमरवराची, दहा हातांची, मांडीवर लक्ष्मी. देवळात त्या वेळी मी आणि पुजारी दोघंच. बाहेर दीपमाळेच्या सावलीत दोन मिनिटं बसले आणि समुद्राकडे उतरले.

बामणघळ ही उमामहेश्वराच्या देवळाजवळची काळ्या खडकातली एक उभी चीर. हजारो वर्षं लाटा आदळून खडकातला कच्चा भाग झिजला आणि आत लांब, अरुंद घळ तयार झाली. ओहोटीला ती नुसती कोरडी भेग दिसते. भरतीला लाट त्या अरुंद तोंडातून आत घुसते, तिला दोन्ही बाजूंना जागा मिळत नाही, मागून दुसरी लाट रेटत असते, आणि घळीच्या शेवटी पाणी एकदम सरळ वर उसळतं.

खडकावर चार-पाच माणसं होती. पाऊणला दहा मिनिटं असताना पाणी घळीच्या अर्ध्यावर येऊन परत जात होतं. मग एक मोठी लाट आली. आधी घळीच्या तळातून ढोल घुमावा तसा आवाज, पायाखालचा खडक किंचित थरथरला, आणि पांढऱ्या पाण्याचा खांब डोक्याच्या वर चढला. तुषार आमच्यावर आले. दर सातव्या-आठव्या लाटेला हे होत होतं. पावसाळ्यात हे पाणी याच्या कितीतरी पट उंच जातं आणि तेव्हा इथे जवळ उभं राहणं जिवावरचं असतं. खडक निसरडा आहे, माणसं वाहून गेलेली आहेत. डिसेंबरातला समुद्र शांत, उसळीही त्या मानाने मवाळ. तरी मला ती पुरेशी होती. पृथ्वी, चंद्र, सूर्य एका रेषेत आले की हेदवीच्या एका भेगेत पाणी किती वर चढेल, हे पंचांग पाहून कुणीही सांगू शकतं, आणि नेमक्या वेळी ते घडताना समोर उभं राहता येतं. मला यासारखं समाधान फार थोड्या गोष्टींत मिळतं.

सव्वावाजेपर्यंत तिथेच होते. एका आजोबांनी विचारलं, "तुम्हाला वेळ कुणी सांगितली?" तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब सांगितला. ते खूश झाले. त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या नातवाकडून लगेच तो करून घेतला: पंचमीला किती? नवमीला किती? मुलगा पाटीवर लिहावं तसं हवेत बोटाने लिहून उत्तरं देत होता.

गावातल्या घरगुती खानावळीत कुळथाचं पिठलं, भात, केळफुलाची भाजी आणि सोलकढी. वाढणाऱ्या मावशींनी भात तिसऱ्यांदा वाढला तेव्हा ताटावर हात आडवा धरावा लागला.

दुसरी खाडी

हेदवी ते तवसाळ रस्ता आजच्या दिवसातला सगळ्यांत एकांताचा. घाटी, सडा, पुन्हा घाटी. आंब्याला मोहर फुटायला लागला आहे, काही झाडांवर तांबूस पालवी आहे. आता वारा फिरला होता. दुपारनंतर तो समुद्रावरून येतो, आणि दक्षिणेकडे जाताना तो उजव्या अंगावर बसतो. सड्यावर आडोसा नसल्याने गाडी डावीकडे ढकलली जाते. अशा वेळी हँडल घट्ट धरलं की गाडी जास्त डुलते. हात सैल ठेवून, गुडघे टाकीला लावून, गाडीला तिचा कल घेऊ द्यायचा.

तवसाळच्या उतारावरून जयगडची खाडी एकदम दिसते. पलीकडे किल्ला, त्याच्या खाली कोळी वस्ती, आणि थोडं बाजूला बंदराच्या अवजड क्रेन. एका चौकटीत तीन काळ. शास्त्री नदी इथे समुद्राला मिळते. तिच्याच वरच्या अंगाला संगमेश्वर, जिथे 1689 मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना मोगलांनी पकडलं. या खाडीला राई-भातगावचा पूल आहे, पण तो बराच आत. तोंडावर बोटच.

अडीचच्या बोटीला माझ्याखेरीज दोन मोटरसायकली, एक जीप आणि पंधरा-वीस माणसं. ओहोटी लागली होती आणि पाण्याची ओढ समुद्राकडे होती. तांडेलाने बोट सरळ जयगडकडे न नेता नदीच्या वरच्या अंगाला तिरकी धरली, आणि ओढ तिला हळूहळू बरोबर जेटीसमोर घेऊन आली. हे काम तो दिवसातून कितीदा करतो, आणि दर वेळी ओढ वेगळी, वारा वेगळा. त्याचं एक हात सुकाणूवर आणि नजर पाण्यावर असणं मी पूर्ण वेळ पाहत राहिले. पूल झाले की ही विद्या कुणाला लागणार नाही. पूल व्हायला हवेतच, आणि या माणसांना तिथे सन्मानाचं काम मिळायला हवं. दोन्ही मागण्या एकाच वेळी करता येतात.

जयगडहून पुढे

किल्ल्याचा तट आणि खंदक अजून भक्कम आहेत. आत वाड्याचे अवशेष, विहीर, गणपतीचं देऊळ. बुरुजावर उभं राहिलं की मी आलेली वाट, म्हणजे सगळा तवसाळचा डोंगर, समोर दिसतो. 1818 मध्ये हा किल्ला लढाईशिवाय इंग्रजांकडे गेला. त्या वर्षी कोकणातले कितीतरी किल्ले असेच गेले.

बंदर आणि 1200 मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प यामुळे जयगडहून निवळीकडे जाणारा रस्ता रुंद झाला आहे, आणि त्यावर लांबलचक ट्रेलर चालतात. ट्रेलरच्या मागे राहून धूळ खाण्यापेक्षा एक टपरी गाठून चहा घ्यावा, दोन ट्रेलर जाऊ द्यावेत. मी तेच केलं. मग किनाऱ्याकडे वळून मालगुंड.

मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर आहे. 1866 मध्ये जन्मलेला हा कवी 1905 मध्ये हुबळीला प्लेगने गेला, चाळिशीही न गाठता. कोकण मराठी साहित्य परिषदेने घर जपलं आहे आणि मागे स्मारक उभारलं आहे. कौलारू, ठेंगणं, सारवलेल्या जमिनीचं घर. मी ओटीवर बसले होते तेव्हा शाळेची एक सहल आली. बाई मुलांना रांगेत उभं करून कविता म्हणून घेत होत्या, आणि मागच्या ओळीतला एक मुलगा सगळ्यांपेक्षा मोठ्याने, डोळे मिटून म्हणत होता. त्याच्यासाठी मी आणखी दहा मिनिटं थांबले.

गणपतीपुळ्याला गर्दी फार. तिथे डोंगरालाच देव मानतात, म्हणून प्रदक्षिणा डोंगराला घालायची असते. आज त्याला वेळ नव्हता. बाहेरूनच कळसाला हात जोडले.

आरे-वारेचा रस्ता मात्र घाईत करायचा नाही असं सकाळपासून ठरवलं होतं. डोंगराच्या कडेने रस्ता वर जातो आणि खाली, एका भूशिराच्या दोन बाजूंना, दोन किनारे दिसतात. संध्याकाळचे साडेपाच. पुन्हा ओहोटी, त्यामुळे सकाळी हर्णैला पाहिली तशीच रुंद ओली वाळू. वळणावर मोटारींची गर्दी होती, सगळे फोटो काढत होते. मी गाडी पुढे नेऊन सुरूच्या झाडांखाली लावली आणि बांधून दिलेले घावणे तिथे खाल्ले. गार झाले होते, तरी चव तीच. सहाच्या सुमारास सूर्य बुडाला आणि अंधार पडायच्या आत उरलेलं अंतर काटायला निघाले. कोकणातल्या रस्त्यांवर रात्री एकटीने गाडी चालवायची नाही, हा माझा नियम आहे, माणसांच्या भीतीने नाही, रस्त्यावर बसलेल्या गुरांमुळे. वळणापलीकडे काळी म्हैस हेडलाइटमध्ये दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

रत्नागिरी

पावणेसातला पोचले. लॉजच्या मालकांनी आवारातला नळ दाखवला, गाडी गोड्या पाण्याने धुतली, चाकांच्या आऱ्यांतली वाळू काढली आणि चेन गरम असतानाच तेल लावलं. जेवताना उद्याचा बेत मालकांना सांगितला: भाट्ये, पावस, पूर्णगड, आणि तिथून कशेळी. उद्याच्या खाड्यांवर पूल आहेत, बोट नाही.

कशेळीच्या सड्यावर जांभ्यात कोरलेला एक प्रचंड हत्ती आहे. युनेस्कोच्या संभाव्य यादीत 2022 मध्ये कोकणातली जी कातळशिल्पं गेली, त्यांत कशेळीही आहे. मालक म्हणाले, "दुपारी जाऊ नका. ऊन डोक्यावर आलं की रेषाच दिसत नाहीत. सकाळी नाही तर संध्याकाळी, ऊन तिरकं असताना बघायचं." कोरलेल्या खाचांत सावली पडायला हवी, तरच हत्ती दिसतो. म्हणून सामान आत्ताच बांधून ठेवलं आहे, उजाडलं की निघायचं.